डावीकडून तिसरा

डोंबिवलीच्या आमच्या घरात, दाराच्या समोरच्या भिंतीवर, चंदनाचा हार घातलेले एक छायाचित्र होते. अकरा शिपाई, पुढचे पाच बाकावर बसलेले, मागचे सहा उभे. मागच्या रांगेतील डावीकडून तिसरा म्हणजे माझ्या आजोबांचे थोरले बंधू. ते 1941 साली कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडमधील, आमच्या गावातून मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले आणि 1944 च्या सप्टेंबरात इटलीत मारले गेले. घरी कोणी नवा माणूस आला की आत्याआजी त्याला भिंतीपाशी नेई आणि बोट ठेवून सांगे, "हा आमचा दादा." दादा गेला तेव्हा ती पाच वर्षांची होती.

2016 च्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि चित्राच्या एका कोपऱ्यावर बुरशी चढली. प्रत करून घ्यावी म्हणून ते मी ठाण्यातील एका फोटोवाल्याकडे नेले. त्याने ते संगणकावर घेतले आणि एकेक चेहरा पडदाभर मोठा करून दाखवू लागला. मी मात्र चेहऱ्यांकडे पाहत नव्हतो. शिपायांच्या डाव्या खिशांवर पदकांच्या फितींचे छोटे तुकडे होते. भिंतीवर ते नुसते डाग वाटत. आता त्यांतील पट्टे मोजता येत होते. गडद, पांढरा, गडद, पांढरा, गडद.

जुन्या लष्करी छायाचित्रांतील माणसे ओळखण्याचे एक शास्त्र आहे आणि त्याचा पहिला नियम असा, की चेहऱ्यावर विश्वास ठेवू नये. चेहरा आपल्याला हवा तसा दिसतो. आधी पाहायचे ते टोपीवरचा बिल्ला, खांद्यावरचे चिन्ह, बाहीवरच्या फिती. पदके डाव्या छातीवर असतात. ती उजवीकडे दिसली तर चित्र उलटे छापले गेले असण्याची शक्यता प्रथम तपासायची. लाल रंगाला दाद न देणाऱ्या जुन्या फिल्मवर लाल जवळजवळ काळा उमटतो आणि निळा फिकट होतो, हेही ध्यानात ठेवायचे. वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला ही रीत परकी वाटू नये. नाममुद्रा आहे एवढ्यावरून अभंग त्या संताचा ठरत नाही. भाषा, पोथीचा काळ, पाठांची परंपरा असे सारे पाहावे लागते. छायाचित्राखालची ओळ ही त्याची नाममुद्राच होय, आणि प्रक्षेप तिथेही होतात.

पाच सारख्या पट्ट्यांची ती फीत 'इटली स्टार' या पदकाची. लाल, पांढरा, हिरवा, पांढरा, लाल. इटलीच्या ध्वजाचेच रंग. हे पदक जाहीर झाले 1945 च्या मे महिन्यात, युरोपातील युद्ध संपल्यावर. म्हणजे हे छायाचित्र त्यापूर्वीचे असूच शकत नव्हते. डावीकडून तिसरा शिपाई दादा नव्हता एवढेच नव्हे. त्या अकरांत दादा कोठेच नव्हता. ज्याच्यासाठी हार घातला, त्याच्या मृत्यूनंतर निदान आठ महिन्यांनी ते चित्र काढले गेले होते.

त्या वेळी मी उल्हासनगरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवत असे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ मोठी लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना जागा मिळाली आणि 1949 साली तिचे उल्हासनगर झाले. तरी रिक्षावाले आजही 'कॅम्प तीन', 'कॅम्प चार' अशाच हाका देतात. मुक्काम करून गेलेले हजारो शिपाई कोणाच्या स्मरणात नाहीत. क्रमांक तेवढे राहिले. ठाण्याहून परतल्यावर त्या हाका मला निराळ्या ऐकू येऊ लागल्या. कारण आपल्या शिपायांच्या बाबतीत सगळीकडे हेच झालेले दिसते.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. कुतच्या वेढ्यात, डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 असे 147 दिवस, 110 वी आणि 117 वी मराठा पलटण अडकून पडली होती. त्या वेढ्यातून वाचलेल्या एका हिंदी शिपायाचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. हाडांचा सापळाच तो. त्याचे नाव चित्राबरोबर आले नाही. अंगावर कपडे नाहीत, म्हणून बिल्ला नाही, आणि बिल्ला नाही म्हणून पलटणही सांगता येत नाही. त्या आघाडीवर मेलेल्यांसाठी उभारलेल्या बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रज अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांची मात्र पलटणीवार संख्या तेवढी दिली गेली. हा भेदभाव झाला होता, हे राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने मान्य केले ते 2021 साली. आपल्याकडच्या कित्येक गावांत एक दगडी पाटी असते: या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके कामी आले. तिथेही संख्याच. चित्रात चेहरा आहे, नाव नाही. दगडावर आकडा आहे, ना नाव ना चेहरा.

दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदी बऱ्या आहेत. आयोगाच्या सूचीत दादाची नोंद मला तासाभरात सापडली: नाव, शिपाई क्रमांक, वडिलांचे नाव, गाव, जिल्हा कुलाबा. इथे नाव होते आणि चेहरा नव्हता. नाव आणि चेहरा दोन्ही टिकून राहण्यासाठी काय लागते, ते माणगावात दिसते. त्याच तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे 10 जुलै 1944 रोजी इटलीतच, वयाच्या बाविसाव्या वर्षी, शत्रूच्या मशीनगनच्या ठाण्यावर एकट्याने चालून गेले आणि मारले गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. माणगावात त्यांचा पुतळा आहे. जो केवळ मेला, त्याचा चेहरा त्याच्या घरच्यांनीच सांभाळायचा.

मी आत्याआजीला सांगायचे ठरवले होते. सत्य सांगावे, असे मी वर्गात चाळीस वर्षांच्या आसपास शिकवत आलो होतो. एका दुपारी तिच्या खाटेशी बसून सुरुवात म्हणून विचारले, "आत्याआजी, हाच दादा, हे तुला कसं कळलं?"

"कळायचं काय त्यात? त्याच्या पलटणीतला एक जण लढाईनंतर घरी आला होता, त्यानं दिला फोटो. आईनं दिव्याशी धरून खूप वेळ पाहिला. मग या तोंडावर बोट ठेवलं न् रडली."

"तो माणूस काही बोलला नाही?"

"तो खाली मान घालून बसला होता." थोडे थांबून ती म्हणाली, "मला तरी दादाचं तोंड कुठं आठवतं रे? आठवतं ते या फोटोतलंच."

मी प्रत तिच्या हातात दिली आणि ती छान निघाल्याचे बोलून उठलो.

तो माणूस मला त्यानंतर वारंवार दिसत राहिला. त्याने बहुधा मागे राहिलेल्या सोबत्यांचे चित्र आणले होते: हे त्याच्याबरोबर होते, एवढेच सांगण्यासाठी. आईने बोट ठेवल्यावर त्याच्यापुढेही तोच प्रश्न पडला असेल आणि त्यानेही माझ्यासारखेच केले. मग मी जे केले ते बरोबर म्हणावे काय? मला तसे म्हणवत नाही. डावीकडून तिसरा हाही कोणाचा तरी मुलगा आहे. साताऱ्याकडच्या किंवा कोल्हापूरकडच्या एखाद्या घरात त्याचे नातू आजोबांचा लढाईच्या काळातील एखादा फोटो शोधत असतील, आणि तो इथे आमच्या भिंतीवर, आमच्या माणसाचे नाव घेऊन, जिवंतपणीच हार घालून बसला होता. आमची समजूत राखण्याची किंमत आम्ही त्याच्याकडून वसूल केली, आणि त्याला ते ठाऊकही नव्हते.

आत्याआजी 2018 साली गेली. चौकट उतरवून मी मागचा पुठ्ठा काढला, तेव्हा तिसऱ्याच्या चेहऱ्यावर कागद किंचित खडबडीत लागला. काच बसवण्यापूर्वी काही वर्षे त्यावर बोट फिरले असावे. हार मी काढून ठेवला. चित्राच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिले: "मराठा लाइट इन्फन्ट्रीचे अकरा शिपाई. इटली स्टारच्या फितीवरून मे 1945 नंतरचे. एकाचेही नाव माहीत नाही. मागील रांगेत डावीकडून तिसरा, यास आमच्या घरात 1946 पासून दादा मानले गेले. तो दादा नव्हे. कोणास ओळखू आल्यास त्याचे नाव येथे लिहावे."

त्याखाली चार ओळींची जागा मोकळी ठेवली आहे.