दोन सूटकेस बॅटऱ्या

लव्हस्टोरी एलियनची असो नाहीतर अंधेरीतल्या पेइंग गेस्टची, माझी मागणी एकच असते. शेवटच्या रिळापर्यंत कुणीतरी तोंड उघडावं! ‘पीके’नं नेमका तिथेच माझा पोपट केला.

डिसेंबर २०१४. मी बारावीत. घरी ‘जर्नल कम्प्लीट करायचंय’ अशी थाप मारून क्लासचे आम्ही पाच जण एसटीनं पनवेलला निघालो. वाटेत चौकच्या रस्त्यावर एन. डी. स्टुडिओ. नितीन देसाईंनी २००५ साली उभारलेला. ‘जोधा अकबर’चा आग्रा आमच्या हाकेच्या अंतरावर बांधला गेला होता. त्यामुळे पडद्यावरचं काही खरं नसतं, हे आम्हा कर्जत-खालापूरच्या पोरांना जरा लवकरच कळलेलं. तरी मी फसले.

शेजारच्या सीटवर खोपोलीकर होता. (नाव सांगणार नाही. त्याची आई हा अंक वाचते.)

आता बघा, परग्रहावरून आलेला पीके जग्गूच्या प्रेमात पडतो. इथवर मी खूश. ‘कोई मिल गया’तला जादू बिचारा दुसऱ्यांचीच कामं करून परत गेला होता, इथे निदान एलियनला स्वतःचं हृदय होतं. पण हा पठ्ठ्या करतो काय? भर टीव्ही कार्यक्रमात जग्गूला तिचा सरफराज परत मिळवून देतो. बेल्जियममधल्या पाकिस्तानी दूतावासाला फोन लागतो, थिएटरात शिट्ट्या, माझ्या मैत्रिणी रडतायत, आणि मी मात्र त्या मोठ्या डोळ्यांच्या माणसाकडे बघत बसलेली. मग निरोप. तो पृथ्वीवरचे आवाज भरून नेतोय म्हणे, सोबत सूटकेसभर बॅटऱ्या. कॅसेटमध्ये असतो तिचाच आवाज. तिला ते कळतं. आणि तीही गप्प!

अरे, बॅटऱ्या जमवायला जेवढा वेळ घालवलास, त्यात एक वाक्य बोलून झालं असतं की!

सगळे म्हणतात, न बोलणं हेच त्याचं प्रेम. मला ते तेव्हाही पटलं नाही. राजकुमार हिरानींना धर्माबद्दल बोलायचं होतं, ते त्यांनी दणकून बोलून घेतलं. प्रेमाच्या वाट्याला उरला निरोपाचा एक सीन. जॉन कारपेंटरच्या ‘स्टारमॅन’मधला (१९८४) एलियनही शेवटी निघून जातो, पण त्या दोघांचं प्रेम दोघांचं तरी असतं. इथे जग्गूच्या वाट्याला आलं एक पुस्तक.

परतीच्या एसटीत मी हे सगळं तावातावानं बोलले. खोपोलीकर ऐकत होता. चौक आल्यावर म्हणाला, “पण बोलून काय झालं असतं? त्याला जायचंच होतं ना.” मी खिडकीबाहेर बघायला लागले.

पुढे मी मास कॉमला, तो इंजिनीअरिंगला. रेडिओच्या पेपरला साउंडस्केपची असाइनमेंट होती. मी कर्जत स्टेशन निवडलं. घाट चढायला गाडीला मागून बँकर इंजिन जोडतात तो धक्का, वडेवाल्यांची हाळी, खोपोली लोकलची अनाउन्समेंट. रेकॉर्डर धरायला हाच आला होता. अकरा मिनिटांच्या फाइलमध्ये चार मिनिटं तो बडबडतोय. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी अशी स्टेशनं तो एखाद्या आरतीसारखी म्हणतो आणि मी खिदळते. सबमिट करताना ती चार मिनिटं कापली. डिलीट नाही केली.

२०१९ मध्ये तो एमएसला अमेरिकेत गेला. पहिल्या वर्षी टॅक्सच्या फॉर्मचा फोटो पाठवला. त्यावर त्याची कॅटेगरी होती ‘नॉन-रेसिडेंट एलियन’. सोबत जादूचा फोटो. मी पाच मिनिटं हसले आणि मग नाही हसले. नोकरी लागली, वर्षं भरली, तसा तो ‘रेसिडेंट एलियन’ झाला. प्रमोशनच म्हणायचं.

गेल्या डिसेंबरात तो तीन आठवडे घरी आला. काकूंनी मुली बघायचा कार्यक्रम लावलाच होता, तिसऱ्या स्थळाला होकारही गेला. ही बातमी त्यानं मला कर्जतच्या प्लॅटफॉर्मवर वडापाव खाता खाता दिली. मुलगी छान आहे. मी फोटो पाहिला, खरंच छान आहे. मी अभिनंदन केलं, साडीचा रंगसुद्धा सुचवला.

खोपोली लोकल लागली. तो दारात उभा राहिला.

“तुझ्या त्या असाइनमेंटची फाइल आहे का गं? स्टेशनचे आवाज होते बघ. तिकडे ऐकायला बरं वाटेल.”

सात मिनिटांची, सबमिट केलेली फाइल मी त्याला तिथल्या तिथे पाठवली.

“यात मी नाहीये का?” त्यानं स्क्रीनकडे बघत विचारलं.

“नाही रे,” मी म्हणाले. “तुझा भाग तेव्हाच उडवला.”

गाडी सुटली. माझ्या फोनची बॅटरी सहा टक्के होती, आणि चार्जर घरी.