फोटो काढणाऱ्याची जबाबदारी

डिसेंबर २०१२ मध्ये जॉन मॅकॅफी बेलीझमधून परागंदा झाले होते. शेजाऱ्याच्या खुनाबाबत चौकशी करायला तिथले पोलीस अँटीव्हायरसच्या या प्रसिद्ध निर्मात्याला शोधत होते. मॅकॅफींसोबत फिरणाऱ्या ‘व्हाइस’ नियतकालिकाच्या पत्रकारांनी त्यांचा एक फोटो प्रसिद्ध केला. फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश तसेच राहिले होते. लोकांनी ते वाचले आणि मॅकॅफी ग्वाटेमालात असल्याचं जगाला कळलं. दोनच दिवसांत बेकायदा प्रवेशाबद्दल तिथे त्यांना अटक झाली.

मॅकॅफी कसे होते, हा मुद्दा वेगळा. मला त्यातली एकच गोष्ट विसरता येत नाही. फोटो त्यांचा होता, पण फोन दुसऱ्याचा.

फोटोच्या फाइलमध्ये आपोआप होणाऱ्या अशा नोंदीला एक्झिफ म्हणतात. कॅमेऱ्यांसाठी ही पद्धत १९९५ मध्ये जपानमध्ये ठरली. शटरचा वेग, भिंगाच्या छिद्राचा आकार, तारीख, वेळ. फोटोग्राफरच्या उपयोगाचीच माहिती. फोनमध्ये जीपीएस आलं आणि लोकेशन चालू असेल तर जागाही तिच्यात नोंदली जाऊ लागली.

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला तर ही नोंद गळून पडते. पण वाढदिवसाचा फ्लेक्स करायचा असला की आपणच सांगतो, ‘डॉक्युमेंट म्हणून टाक, क्वालिटी जायला नको.’ मग फोटोसोबत सगळंच जातं. ईमेलचंही तेच.

भाचीचा असाच एक फोटो माझ्याकडे आला. गणवेश, पाठीला दप्तर, शाळेच्या बसची वाट बघत उभी. तपशील उघडले, तर नकाशावर खूण थेट त्यांच्या सोसायटीच्या फाटकाशी आणि खाली सकाळची वेळ. एवढीशी मुलगी रोज कुठे, किती वाजता उभी असते, हे कोणालाही वाचता आलं असतं. फोटो काढला होता तो तिच्या आजोबांनी, कौतुकानं.

मारहाणीला कंटाळून घर सोडलेली आणि मैत्रिणीकडे राहणारी बाईही कोणाच्या तरी वाढदिवसाच्या फोटोत येतेच. तिचा पत्ता फुटला, तर फोटो काढणाऱ्याचं काही बिघडत नाही. भोगावं लागतं तिला. म्हणून कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवणं किंवा पाठवताना जागेची नोंद काढून टाकणं, हे मी सोय-गैरसोयीच्या हिशेबात धरत नाही. ही काळजी फोटो काढणाऱ्यानेच घ्यायला हवी, कारण फोटोतल्या माणसाला ती घेताच येत नाही.