श्रेय कोणाच्या खाती?

१९८८च्या स्वातंत्र्यदिनी दूरदर्शनवर अवतरलेले ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ ठाणे-डोंबिवलीच्या घराघरांत पोहोचले. पंडित भीमसेनजी सर्वांना ठाऊक. संगीतकार अशोक पत्कीही आपलेच. परंतु त्याचे संगीत-संयोजन करणारे जॅझ पियानोवादक लुई बँक्स कितीजणांना आठवतात? आडनाव बँक्स, व्यवहार मात्र निव्वळ सुरांचा!

दार्जिलिंगचे हे कलावंत मुंबईत स्थिरावले. माइल्स डेव्हिसच्या रचनांवरील ‘माइल्स फ्रॉम इंडिया’ (२००८) या अल्बममध्ये शंकर महादेवन, राकेश चौरसिया यांच्यासह तेही आहेत. मुंबईत वाजलेल्या सुरांवर अमेरिकेतील वादकांनी आपले सूर चढविले. न भेटता, हुंडीसारखे, केवळ भरवशावर. अल्बमला ग्रॅमी नामांकन लाभले. साथीदारांची नावे मात्र आजही वेष्टनावरील बारीक अक्षरांतच शोधावी लागतात.