चौथा भाग गेला कुठं?

रात्री अकरानंतर तुमच्या घरातून करवत घासल्यासारखा आवाज येतो, अशी तक्रार शेजारच्या काकूंनी आमच्या हिच्याकडे केली. तक्रार खरी आहे. तो आवाज एका निळ्या पेटीचा. १९६३ साली बीबीसीतल्या एका ध्वनितंत्रज्ञाने दाराची किल्ली जुन्या पियानोच्या तारेवर घासून तो काढला होता. काकूंना एवढं सगळं सांगत बसलो नाही, फक्त आवाज कमी केला.

तर मित्रहो, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी मला 'डॉक्टर हू'चा नाद लागलाय. ज्यांना माहीत आहे ते म्हणतील, आत्ता? हो, आत्ता. आमच्या लहानपणी दूरदर्शनवर 'स्पेस सिटी सिग्मा' होतं, 'इंद्रधनुष' होतं, इंग्रजी 'स्टार ट्रेक'ही लागायचं. हा डॉक्टर आमच्यापर्यंत कधी आलाच नाही. माझी भाची कार्डिफला नर्स आहे. या मालिकेचं शूटिंग २००५ पासून मुख्यतः तिथं आणि आसपास होतं. दिवाळीत येताना तिनं तिथल्या जुन्या सामानाच्या दुकानातून एकेका पौंडाला घेतलेल्या पंधरा-वीस डीव्हीडी आणल्या. "मामा, तू रात्री बातम्या बघून वैतागतोस, त्यापेक्षा हे बघ." माझ्या जुन्या लॅपटॉपला अजून डीव्हीडीचा कप्पा आहे. लागलो बघायला.

थोडक्यात गोष्ट अशी. डॉक्टर नावाचा एक परग्रहवासी. खरं नाव कुणाला माहीत नाही. पोलिसांना फोन करायला पूर्वी इंग्लंडात रस्त्याकडेला निळी खोकी असायची, तसल्या खोक्यात बसून तो काळात कुठंही जातो. खोकं बाहेरून आपल्या गल्लीतल्या पानटपरीएवढं आणि आत भलंमोठं. खरं तर ते जाईल तिथल्यासारखं रूप घेणारं यंत्र, पण रूप बदलायची कळ बिघडली आणि खोकंच राहिलं. साठ वर्षं झाली, दुरुस्ती नाही. आपल्याकडच्या बसस्टँडवरच्या घड्याळासारखं.

हे मुलांसाठी होतं, शनिवारी संध्याकाळी लागायचं. सुरुवातीच्या भागांत डॉक्टरबरोबर कोण होतं? त्याची नात, आणि तिच्या शाळेतले दोन शिक्षक. एक बाई इतिहासाच्या, एक सर विज्ञानाचे. म्हणजे मागं गेले की इतिहास शिकवायचा, पुढं गेले की विज्ञान. सरकारी कामासारखा सरळ हिशोब. पण ती मालिका उभी करणारी माणसं बघा. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट, वय २७, त्या खात्यातली तेव्हाची एकमेव स्त्री निर्माती. आणि पहिल्या गोष्टीचा दिग्दर्शक वारिस हुसेन, पंचविशीच्या आतला, जन्म लखनौचा! त्यांची आई म्हणजे इंग्रजीत लिहिणाऱ्या कादंबरीकार अतिया हुसेन. हे वाचून मी लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात गेलो आणि हिला दाखवलं. ती म्हणाली, "बरं. आणि ते पत्र्याचे राक्षस?" ते डॅलेक. खाली धान्याच्या कणगीसारखं अंग आणि हाताच्या जागी बेसिन तुंबलं की वापरतो तो रबरी पंप. हसू येतं बघून. पण त्यांनी पोरांची एक पिढी सोफ्यामागं लपायला लावली.

पहिला भाग लागला २३ नोव्हेंबर १९६३ ला. आदल्या दिवशी केनेडींचा खून झालेला. पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला पुन्हा दाखवावा लागला. तिथून १९८९ पर्यंत मालिका चालली, मग बंद पडली, मार्च २००५ मध्ये पुन्हा सुरू झाली. आजवर साडेआठशेहून जास्त भाग झालेत.

आता मूळ मुद्द्यावर येतो.

एका रात्री मी १९६६ सालची 'द टेन्थ प्लॅनेट' नावाची गोष्ट लावली. चार भागांची, काळी-पांढरी. दक्षिण ध्रुवावरचं ठाणं, बाहेर बर्फ, आणि स्वतःचे अवयव काढून यंत्रं बसवून घेतलेली माणसं चालून आलेली. तीन भाग श्वास रोखून बघितले. चौथा सुरू झाला आणि एकदम कार्टून! आवाज त्याच नटांचे, चित्रं काढलेली. मला वाटलं डीव्हीडी खराब. पुसली, शर्टानं परत पुसली. तेच. भाचीला मेसेज टाकला, तिची नाईट ड्युटी होती, लगेच फोन आला.

"मामा, डीव्हीडी चांगली आहे. तो भागच नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"बीबीसीकडे नाही. कुणाकडेच नाही. पुसला त्यांनी."

आणि हा भाग साधासुधा नव्हता. पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना. मुख्य नट गेल्यावर मालिका बंदच व्हायची. यांनी युक्ती काढली, डॉक्टर मरणाच्या दारात पोचला की त्याचं शरीर बदलतं आणि नवा माणूस होतो. जमिनीवर पडलेला म्हातारा आणि उजळत उजळत त्याच्या जागी पॅट्रिक ट्रॉटन. या एका युक्तीवर मालिका पुढं साठ वर्षं जगली. ती ज्या भागात पहिल्यांदा घडली, नेमका तोच भाग गेला. त्यातला बदलाचा छोटासा तुकडा तेवढा राहिला, कारण १९७३ साली मुलांच्या दुसऱ्या एका कार्यक्रमात तो दाखवला गेला होता.

मग मी त्या मागं लागलो. बातमीदाराची खोड. पहिल्या सहा वर्षांत अडीचशेच्या आसपास भाग झाले. त्यातले नव्वदहून अधिक आज नाहीत. पूर आला नाही, आग लागली नाही. व्हिडिओटेप महाग होती, पुसून परत वापरायची. कलाकारांच्या करारांमुळं जुने भाग वाटेल तितक्यांदा दाखवता येत नव्हते. रंगीत टीव्ही आल्यावर काळं-पांढरं कोण विकत घेणार? परदेशात विकायला काढलेल्या फिल्मच्या प्रतीसुद्धा मुदत संपली म्हणून टाकून दिल्या. १९७० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत हे चाललं. कुणी दुष्टपणा केला नाही. एक खातं म्हणालं, फिल्म जपायचं काम आमचं नाही. दुसरं म्हणालं, आमचंही नाही. आपल्या कुठल्याही कार्यालयात रेकॉर्ड मागायला गेलात की जे ऐकायला मिळतं तेच.

आणि ही एकट्या डॉक्टरची गोष्ट नाही. आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू फ्रेड हॉइल यांनी बीबीसीसाठी 'ए फॉर अँड्रोमेडा' ही विज्ञानमालिका लिहिली होती, १९६१ साली. तिचाही बहुतेक भाग गेला.

जे परत मिळालं ते कुठून मिळालं हे वाचताना मी रात्री दोनपर्यंत जागा होतो. दोन भाग लंडनमधल्या एका चर्चच्या तळघरात. एक अख्खी गोष्ट हाँगकाँगहून. नऊ भाग २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस गावच्या टीव्ही केंद्रात, धूळ खात पडलेल्या डब्यांत. ऑस्ट्रेलियात तर गंमतच. तिथल्या सेन्सॉरनं मुलं घाबरतील म्हणून काही प्रसंग कापले आणि ते तुकडे फाईलला लावून ठेवले. भाग गेले, कापलेलं तेवढं उरलं! सेन्सॉरचे आभार मानायची वेळ पत्रकारावर क्वचित येते.

पण मला सगळ्यात भिडलं ते दुसरंच. हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज शाबूत आहे. का? तर त्या काळी इंग्लंडातली काही पोरं दर शनिवारी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून बसायची. व्हिडिओ रेकॉर्डर घराघरात नव्हतेच. आवाज तरी राहू दे. आज बीबीसी चित्रं काढून ते भाग पुन्हा उभे करते, ते या पोरांच्या टेपवर. संस्थेनं टाकलेलं प्रेक्षकांनी सांभाळलं.

इथंच मी लॅपटॉप बंद केला. कारण मला सात नंबरची कॅसेट आठवली.

२००५ साली पत्रकारितेची पदविका घेऊन मी आपल्या गावातल्या केबल चॅनेलला लागलो होतो. पगार अडीच हजार, कॅमेरा एक, मिनी डीव्ही कॅसेटी बारा. त्याच फिरवून वापरायच्या, कारण नवी दीड-दोनशेला पडायची. तो कृष्णेच्या महापुराचा जुलै-ऑगस्ट तुम्हाला आठवत असेल. मी बोटीतून दोन दिवस शूटिंग केलं. नदी ओढ्यातून उलटी चढली होती. देवळामागच्या उसाच्या रानावरून आमची बोट गेली तेव्हा उसाचे नुसते शेंडे दिसत होते, आणि एक म्हैस दाव्यासकट तरंगत होती. हे सगळं सात नंबरवर. रात्री आठच्या बातम्यांत लागलं, दुसऱ्या दिवशी सकाळी परत लागलं.

सप्टेंबरात विसर्जनाची मिरवणूक आली. कोरी कॅसेट नव्हती. सात नंबरवर मी मिरवणूक घेतली. मालकांनी सांगितलं नव्हतं. मीच घेतली. झेंडूची फुलं आणि बेंजो, पाऊण तास.

त्यामुळं बीबीसीतल्या त्या टेप पुसणाऱ्याला मला नावं ठेवता येत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, एवीतेवी गेली ती गेली, वीस वर्षं झाली. गेल्या महिन्यात ओढ्याकाठच्या गल्लीतले चौघेजण माझ्याकडं आले. त्या उसाच्या रानात प्लॉट पडणार आहेत. ओढ्यात भराव टाकायचं चाललंय. यांनी हरकत घेतली. म्हणाले, २०१९ ला तिथं पाणी होतं, मोबाईलवर व्हिडिओ आहेत. उत्तर मिळालं की २०१९ चा पूर अपवाद होता, तसा काही परत परत येत नाही. म्हणजे २००५ ला पण पाणी आलं होतं हे दाखवावं लागणार. एकदा आलं तर अपवाद, दोनदा आलं तर पाण्याची वाटच ती. त्यातले एक आजोबा म्हणाले, "तुम्ही बोटीतून गेलेला नव्हं? मी तुम्हाला बघिटलंय. ती फिल्लम द्या की."

मी त्यांना चहा पाजला. मिरवणुकीचं सांगायला मला अर्धा तास लागला. आजोबा काही बोलले नाहीत. जाताना चपला घालताना एवढंच म्हणाले, "आम्हाला वाटलं, पेपरवाल्याकडं सगळं असतंय."

त्या रात्री झोप येईना म्हणून २०१८ चा एक भाग लावला, 'डीमन्स ऑफ द पंजाब'. भाचीनं मुद्दाम वर ठेवला होता. विनय पटेल यांनी लिहिलेला. डॉक्टर यात बाई आहे आणि तिच्यासोबतची पोरगी पाकिस्तानी वंशाची इंग्रज. ती आपल्या आजीचा भूतकाळ बघायला जाते, तर ऑगस्ट १९४७, फाळणी. मुसलमान आजीचं पहिलं लग्न प्रेम नावाच्या हिंदू तरुणाशी, आणि त्याचा सख्खा भाऊ द्वेषानं पेटलेला. अधूनमधून दोन भयानक परग्रहवासी दिसतात. आपल्याला वाटतं मारेकरी हेच. एके काळी होतेही. पण त्यांचा स्वतःचा ग्रह नष्ट झाला, मेलेल्यांसाठी थांबायला कुणी उरलं नाही, तेव्हापासून ते विश्वभर फिरतात आणि जो एकटा मरणार आहे त्याच्याजवळ नुसते उभे राहतात. प्रेमला वाचवता येत नाही. तो वाचला तर ही नातच जन्माला येणार नाही. डॉक्टर पाठ फिरवून चालू लागते, आणि गोळीचा आवाज येतो. त्याच्याजवळ ते दोघं उभे असतात.

इतक्या वर्षांच्या बातमीदारीत अपघात, पूर, आत्महत्या यांच्या जागी मी शेकडो वेळा उभा राहिलोय. तिथं उभं राहणं हे काम आहे, हे माझ्या पदविकेत कुणी शिकवलं नाही. आणि उभं राहून आल्यावर ते पुसायचं नाही, हेही नाही.

असो. कामाचं सांगतो.

इंग्लंडातल्या त्या पोरांवरून मला सुचलं की आपल्या बातम्या घरी कुणी रेकॉर्ड करत होतं का? आठवलं. हायस्कूलचे एक निवृत्त सर, मुलगा तेव्हा दुबईला. त्याला गाव बघायला मिळावं म्हणून ते केबलच्या बातम्या व्हीसीआरवर भरून पाठवायचे. गेल्या रविवारी त्यांच्या माळ्यावर चढलो. अकरा कॅसेटी निघाल्या, व्हीएचएस. लेबलं सरांच्या वळणदार अक्षरात: बारसं, गणपती २००४, स्नेहसंमेलन. एकीवर 'महापूर' आणि पुढं प्रश्नचिन्ह. सरांना आता नीट आठवत नाही, पाठवायची राहिली होती की वर दुसरं काही भरलं.

कॅसेटच्या कडेला पांढरी बुरशी दिसतेय. तशीच मशीनमध्ये घातली तर फीत चिकटून तुटेल आणि मशीनचं हेडही जाईल, म्हणून अजून लावलेली नाही.

हरकतींची सुनावणी पुढच्या आठवड्यात गुरुवारी आहे. कुणाकडं चालू स्थितीतला व्हीसीआर आहे का? किंवा लग्नाच्या जुन्या कॅसेटी साफ करून कॉम्प्युटरवर घेऊन देणारा कुणी फोटोग्राफर, सांगली-कोल्हापूर-कराड कुठलाही चालेल, मी कॅसेट घेऊन स्वतः येतो. आणि ऑगस्ट २००५ ला ज्यांच्या घरी वीज होती, व्हीसीआर होता, त्यांनी कृपया एकदा माळा बघा. लेबलवर काहीही लिहिलेलं असो. इनबॉक्स करा.