भगिनीमंडळ आणि गुणपत्रिका

गुणांना किती मान द्यावा, हा प्रश्न शिक्षकाला जन्मभर पुरतो. परंतु ‘बहीण’ निवडतानाही गुणपत्रिका मागावी काय, हा प्रश्न मला अमेरिकेत शिकणाऱ्या माझ्या भाचीमुळे पडला. आपल्या कितीतरी घरांतील मुली आज तिकडे शिकत आहेत. तेव्हा वाचकांना हा विषय अगदीच परका वाटू नये.

तिकडील महाविद्यालयांत ‘सोरॉरिटी’ नावाची विद्यार्थिनींची मंडळे असतात. ‘सोरॉर’ म्हणजे लॅटिन भाषेत बहीण. आपल्या गावोगावच्या भगिनीमंडळांत कोणीही जावे. तिकडे मात्र निवड होते. या मंडळांचा जन्म गरजेतून झाला. इलिनॉय राज्यातील मॉनमथ महाविद्यालयात १८६७ साली बारा विद्यार्थिनींनी पुढे ‘पाय बीटा फाय’ म्हणून ओळखले गेलेले मंडळ स्थापिले. १८७० साली इंडियाना राज्यात चौघींनी ‘कॅपा अल्फा थीटा’ स्थापिले. महाविद्यालयात मुली मोजक्या, आणि त्यांचे येणे अनेकांना न रुचणारे. अशा वेळी एकमेकींना धरून शिक्षण तडीस न्यावे, हा त्यामागील हेतू. म्हणजे अभ्यासाचा संबंध या भगिनीभावाशी मुळापासूनच आहे, हे मान्य केले पाहिजे.

आज ही निवड काही विद्यापीठांत वर्ग भरण्यापूर्वीच होते. तेव्हा शाळेतील गुण पाहतात. काही ठिकाणी ती दुसऱ्या सत्रात होते, आणि पहिल्या सत्राची सरासरी विचारात घेतात. ही सरासरी चारांपैकी मोजतात. अनेक मंडळांची किमान अट अडीच ते तीनच्या दरम्यान असते.

माझ्या भाचीची सरासरी २.४ आली, अट होती २.७. ज्या मंडळातील मुलींशी तिचे सूत जुळले होते, तेथून तिचे नाव काहीही न बोलता वगळले गेले. घरापासून हजारो कोस दूर, आठवड्याला वीस तास ग्रंथालयात काम करून शिकणारी ही मुलगी मला म्हणाली, “मामा, घेतले नाही याचे दुःख नाही. एकदा विचारायला तरी हवे होते.” तिचे वडील म्हणाले, “बरेच झाले. आता अभ्यासाकडे लक्ष दे.” पण संध्याकाळी खोलीत एकटीने जेवणाऱ्या मुलीला एवढ्याने धीर येत नाही.

मंडळाची बाजूही ऐकली पाहिजे. नव्या सभासदाला बैठका, समारंभ, सेवाकार्य यांत आठवड्यातील कित्येक तास द्यावे लागतात. जिचा अभ्यास आधीच डळमळीत आहे, तिच्यावर हा भार टाकणे हिताचे नव्हे. या दृष्टीने किमान अट ही दयाच आहे. कित्येक मंडळे नव्या मुलींना ठरावीक तास अभ्यासाला बसवतात, तेही योग्यच.

परंतु अनेक विद्यापीठे प्रत्येक मंडळाची सरासरी दर सत्राला प्रसिद्ध करतात. मग मंडळामंडळांत चढाओढ लागते, आणि मुलीच्या रक्षणासाठी घातलेले कुंपण मंडळाच्या दारावरील तोरण होऊन बसते.

शिवाय हा आकडा किती नाजूक असतो पाहा. भाचीचे पाच विषय होते: तिहींत तीन-तीन, एकात दोन, आणि गणितात एक, बेरीज बारा, सरासरी २.४. गणितातही तीन मिळते, तर बेरीज चौदा आणि सरासरी २.८ झाली असती. एका विषयाने ती दाराबाहेर राहिली. कोणी कठीण विषय घेतले, कोणी सोपे, कोणी नोकरी करून शिकले, यातले काहीही या आकड्यात दिसत नाही.

माझ्या मते अट असावी. पण ती माफक असावी, आणि आधी सांगितलेली असावी. ती पार केल्यावर गुणपत्रिका मिटून ठेवावी व मुलीचा स्वभाव, सचोटी, इतरांसाठी झिजण्याची तयारी पाहावी. जी थोडक्यात मागे राहिली, तिच्याशी एकदा बोलावे, तिला पुढच्या सत्राची संधी द्यावी. आणि आत घेतलेल्या एखादीचे गुण घसरले, तर तिला दूर करण्याआधी तिच्या शेजारी पुस्तक घेऊन बसावे. ते न करणाऱ्या मंडळाने बहीण हा शब्द वापरू नये.

भाचीला मी एवढेच कळविले, की गणिताच्या बाबतीत तुझे वडील बरोबर आहेत, आणि विचारण्याच्या बाबतीत तू. तिने गणित पुन्हा घेतले आहे. कामाचे तासही कमी केले आहेत. पुढील वर्षी त्या मंडळाकडे पुन्हा अर्ज करावा की नाही, हे तिचे तिनेच ठरवावे.

आपणही लग्नकार्यात चार नातेवाईक जमले, की मुलांना नावाआधी टक्के विचारतो. त्या मुलांपैकी कोणी नजर चुकवून बाजूला उभा असेल, तर त्याच्याशी आधी दुसरे काहीतरी बोलावे.