चार हात भूमी पाहून

चातुर्मास संपला की साधुसाध्वींचा विहार पुन्हा सुरू होतो आणि श्रावकांची पावलेही यात्रेकडे वळतात. उपनगरांतील व्यापारी कुटुंबांना दूरच्या तीर्थासाठी सवड मिळतेच असे नाही. मोकळी असते ती रविवारची सकाळ. अशांसाठी बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान ही जवळची वाट आहे. घाटकोपर, मुलुंड, अंधेरीहून निघालेली मंडळी प्रवेशद्वारापाशी जमतात, ‘जय जिनेंद्र’ होते आणि सामूहिक पदभ्रमणाचा आरंभ होतो.

नवकारशी, म्हणजे सूर्योदयानंतरची ४८ मिनिटे, पूर्ण झाल्यावर प्रवेशद्वाराबाहेरच डबे उघडावेत. खाकरे, ठेपले तेथेच संपले की वनात अन्न जात नाही आणि उष्टेही पडत नाही. पाणी घरूनच गाळून, उकळून स्टीलच्या बाटल्यांतून आणावे.

प्रवेशद्वारापासून कान्हेरी लेण्यांपर्यंत सुमारे सहा किलोमीटरांची वाट आहे. पावसाळा सरल्यावरचे वन अजून हिरवे असते. दर आठ वर्षांनी फुलणारी कारवी येथे २०२४ मध्ये फुलली होती. वाटेवर मुंग्यांची रांग दिसली की पुढचे थबकतात, मागचेही थांबतात. साधूंच्या ईर्यासमितीत चार हात भूमी पाहून पाऊल टाकण्याचा नियम आहे. त्याचा अर्थ शहराच्या पदपथापेक्षा येथे लवकर उमगतो.

खरी कसोटी मात्र माकडांचा कळप दिसल्यावर लागते. रोज कबुतरांना ज्वारी टाकणारा हात नकळत खिशातील शेंगदाण्यांकडे जातो. भुकेल्या जिवाला घास द्यावा, हा लहानपणापासूनचा संस्कार. अशा वेळी एखादे नातवंड फलकाकडे बोट दाखवून म्हणते, “आजोबा, इथे प्राण्यांना खाऊ घालू नका असं लिहिलंय.” आजोबा क्षणभर अवघडतात. दया करण्यास मनाई कशी असेल?

ही मनाई दयेच्या विरोधात नाही. आयत्या घासाची सवय लागलेली माकडे झाडे सोडून रस्त्यावर येतात, वाहनांखाली सापडतात, पिशव्या हिसकावतात आणि मग माणसांचे दगड खातात. टाकलेल्या अन्नामागे कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीच्या कडेपर्यंत पोहोचतो. मूठभर शेंगदाण्यांनी इतक्या जिवांना पीडा होणार असेल, तर ती मूठ मिटलेली ठेवणे हीच जीवदया होय. चार हात भूमी पाहणे म्हणजे आपल्या कृतीचा पुढचा परिणामही पाहणे.

विचारपूर्वक दिलेले दान कसे टिकते, हे कान्हेरीत दिसते. लेणी बौद्ध भिक्षूंची, पण तेथील शिलालेखांत कल्याण, सोपारा येथील व्यापाऱ्यांच्या दानांची नोंद आहे. कोणी लेणे दिले, कोणी पाण्याची पोढी. खडकात खोदलेल्या त्या पोढ्यांत शतकानुशतके पावसाचे पाणी साठत आले आहे.

उद्यानाच्या बोरिवलीकडील भागात त्रिमूर्ती दिगंबर जैन मंदिर आहे. मध्यभागी भगवान आदिनाथ आणि दोन्ही बाजूंना त्यांचे पुत्र भरत व बाहुबली. परतताना मंडळी तेथे दर्शनाला थांबतात. बाहुबली वनात इतके निश्चल उभे राहिले की वेली त्यांच्या अंगावर चढल्या. त्यांनी वनाला काही दिले नाही, त्याच्याकडून काही घेतलेही नाही; वन मात्र त्यांच्या आधाराने निर्भयपणे वाढले. आजोबांच्या खिशातील शेंगदाणे तसेच घरी परततात. त्या दिवशी त्यांच्या हातून घडलेले तेच अभयदान.