क्षणप्रभा

अमरकोशांत विजेला तडित्, विद्युत्, चंचला, चपला अशीं अनेक नांवें दिलीं आहेत. त्यांत ‘क्षणप्रभा’ हें मला सर्वांत अर्थपूर्ण वाटतें. जिचा प्रकाश क्षणभरच टिकतो ती क्षणप्रभा. ती डोळे दिपविते, प्रसंगीं झाडहि जाळून टाकते; परंतु तिच्या उजेडांत कोणाला घर गांठतां येत नाहीं. वर्गांत हा शब्द शिकवितांना मी नेहमीं इतकें सांगून पुढें जात असें. त्याच अर्थाची साक्ष एका जपानी संगणकखेळाच्या नायिकेच्या तोंडून मिळेल, असें मात्र कधीं मनांत आलें नव्हतें.

‘फायनल फँटसी १३’ हा तो खेळ. स्क्वेअर एनिक्स या कंपनीनें डिसेंबर २००९ मध्यें तो प्रथम जपानांत प्रसिद्ध केला. माझ्या पुतण्याची मुलगी सुट्टींत तो खेळत असे आणि मी शेजारीं खुर्ची घेऊन बसत असें. कथानक गुंतागुंतीचें आहे. जेथें मला तें उमजेना तेथें नातीनें समजावून दिलें.

नायिकेचें नांव लाइटनिंग, म्हणजे वीज. वय एकवीस, पेशा सैनिकाचा. जन्मनांव मात्र क्लेअर. आईबाप अकालीं गेले, मागें धाकटी बहीण सेरा उरली. तेव्हां हिला पोरपण परवडणारें नव्हतें. पंधराव्या वर्षीं तिनें स्वतःचें नांव टाकून विजेचें नांव घेतलें.

गर्व म्हटला कीं आपणांस धनाचा, रूपाचा किंवा विद्येचा ताठा आठवतो. परंतु आणखी एक ताठा असतो. तो अकालीं खांद्यावर पडलेल्या ओझ्यांतून येतो. ज्याला लहानपणीं कोणाचा आधार मिळाला नाहीं, त्याला पुढें कोणी हात देऊं केला तर तो अपमानच वाटतो. लाइटनिंगचा गर्व या जातीचा आहे.

या गर्वाचा परिणाम कथेंत फार दारुण होतो. सेरा बहिणीच्या वाढदिवशींच तिला सांगते, कीं शत्रुलोकींच्या एका शक्तीची मुद्रा आपल्यावर उमटली आहे आणि आपण स्नो नांवाच्या तरुणाशीं विवाह करणार आहों. लग्नासाठीं रचलेली ही थाप आहे, असें समजून लाइटनिंग तिचा शब्द झिडकारते. पुढें थोड्याच दिवसांत सेरा तिच्या डोळ्यांदेखत स्फटिक होऊन पडते. हिचें बहिणीवर प्रेम नव्हतें काय? प्राणापलीकडे होतें. नव्हता तो विश्वास. या दोन वस्तु आपण एकच समजतों. त्या एक नव्हेत.

आमच्या घरींहि हें मीं पाहिलें आहे. आई वारली तेव्हां आमची अक्का चौदा वर्षांची होती. तिनें लग्न केलें नाहीं. आम्हां तीन भावंडांना वाढविलें. त्या वेळीं कमरेला खोंवलेल्या कोठीच्या किल्ल्या, भावजया घरांत येऊन सासवा झाल्या, तरी तिनें सोडल्या नाहींत. दुसरें कोणी पोळ्या लाटावयास बसलें कीं ती पोळपाट आपल्याकडे ओढी. बाहेरचे तिला हट्टी म्हणत. परंतु आपण हात काढला तर घर कोसळेल, ही चौदा वर्षांच्या पोरीची भीति सत्तरीच्या अक्केंत तशीच जिवंत होती.

लाइटनिंगची सुटका उपदेशानें होत नाहीं. तिच्यासोबत होप नांवाचा चौदा वर्षांचा मुलगा असतो. आईच्या मृत्यूचा दोष तो स्नोला देतो. हें लोढणें नको, म्हणून ती त्याला मागें टाकून निघते. तोंच तिच्याच अंगच्या शक्तींतून ओडिन नांवाचा योद्धा प्रकट होतो आणि त्या मुलावर शस्त्र उगारतो. ती मध्यें उभी राहते. त्यानंतर ती त्याला सोबत घेते, सेरानें दिलेला चाकूहि देते. परंतु तो सूडाच्या वाटेनें निघालेला पाहून तिला त्यांत आपलाच चेहरा दिसतो. मग त्या पोराजवळ ती कबूल करते, कीं वीज क्षणभर चमकून विझते, ती नाश करते, रक्षण करीत नाहीं. अमरसिंहाचा शब्द तिनें असा जगून शिकला!

खेळाचा नियमहि कथेला अनुकूल आहे. लढतात तिघे, परंतु खेळणाराची आज्ञा एकट्या म्होरक्यावर चालते. कोणी मारावें, कोणी ढाल व्हावें, कोणी जखमा भरून काढाव्या, एवढेंच ठरवितां येतें. पुढें ते दोघे आपल्या बुद्धीनें वागतात. म्होरक्या पडला कीं, बाकीचे दोघे उभे असले तरी, डाव संपतो. नातीनें प्रथम तिघांनाहि मारावयास लावलें आणि ती वारंवार हरली. एकाला शुश्रूषेचें काम देतांच ती जिंकली.

दोन वर्षांपूर्वीं अक्का पडली, मांडीचें हाड मोडलें, तीन महिने अंथरूण धरावें लागलें. पहिले आठ दिवस ती पडल्या पडल्या मिठामिरचीचें माप सांगे. एके सकाळीं पुतण्याच्या बायकोनें विचारलें, “आत्या, तांदूळ किती घेऊं?” अक्का म्हणाली, “तुला ठाऊक आहे ग. तूंच घे.” आणि उशाखालच्या किल्ल्या काढून तिच्या हातीं दिल्या. पुढें ती हिंडूंफिरूं लागली, तरी त्या तिनें परत मागितल्या नाहींत.

आपल्या एकत्र कुटुंबांत प्रेमाची वाण सहसा पडत नाहीं. कर्तीं माणसें घरासाठीं झिजतात, आणि तरी घरांतलीं धाकटीं माणसें अवघडलेलींच राहतात. कारण त्यांच्यासाठीं सारें केलें जातें, त्यांच्यावर कांहीं सोंपविलें जात नाहीं. ज्याच्यावर आपण प्रेम करतों त्याचा शब्द खरा मानणें, आणि त्याच्या हातीं काम देऊन आपला हात मागें घेणें, हें प्रेमाहून कठीण आहे. तें शिकावयाला अक्केला मोडलेलें हाड लागलें, लाइटनिंगला बहीण गमवावी लागली. वाचकहो, तितकी किंमत पडण्याच्या आधींच कोठीची एखादी किल्ली दुसऱ्याच्या हातीं देऊन पाहावी.